बिननावाची सातवी बाटली

मी चौथीपर्यंत शिकलो आणि पुढे चाळीसेक वर्षं होड्या बांधल्या. तेव्हा हे सुताराने लिहिलंय असं समजूनच वाचा. व्हिस्कीवर पुस्तकांत काय लिहितात ते मला ठाऊक नाही. ग्लास नाकाजवळ नेला की मला आधी लाकूड कळतं, एवढं खरं. लाकूड जुनं की नवीन, जाळलेलं की नुसतं तापवलेलं, आधी त्यात काही भरलं होतं की नाही. बाकीचं सगळं माझी बायको सांगायची. तिने आयुष्यात दारूचा एक थेंब तोंडात घेतला नाही.

तोंडवलीला आमचं घर. फायबरच्या होड्या आल्या आणि माझं काम बसलं. तेव्हा घरामागे दोन खोल्या काढल्या आणि पर्यटकांना द्यायला लागलो. पाहुणे येतात, मासे खातात, समुद्रात डुंबतात आणि जाताना बाटलीत चार बोटं शिल्लक ठेवून जातात. बायको खोली झाडायला गेली की ती चार बोटं माडाच्या मुळात ओतायची. माझा बाप दारूत गेला. लग्नाआधी तिच्या घरच्यांनी चौकशी केली होती ती त्याचीच. त्यामुळे माडाने पंधरा वर्षं चांगली चैन केली.

एक दिवस ती बूच उघडलेली बाटली घेऊन पडवीत आली. मी जाळ्याची खुंटी तासत होतो.

"ह्येका मांगराचो वास कसो काय येता?"

मांगर म्हणजे शेतातलं खोपट. तिच्या माहेरी पावसाळ्यात मांगरात चूल पेटती ठेवायचे आणि वर माळ्यावर नारळ, कोकमाची सोलं, सुके मासे धुरावर टाकलेले असायचे. मी वास घेतला. हुबेहूब मांगर.

"तू प्यालंस काय गो?"

"येड लागला काय माका? नुसतो वास घेतलो."

मी बोटभर ओतून चाखली. म्हटलं, पिंप जुनं आहे, ह्या लाकडातनं आधी बरंच काही जाऊन आलंय. ती म्हणाली, "तुमका लाकूडच दिसतला." तिथून वाटणी ठरली. लाकूड माझं, बाकीचं तिचं. आणि माडाची चैन संपली.

पुढची बारा वर्षं आम्ही हा उद्योग केला. पाहुण्यांचं उरलेलं आणायचं, औषधाच्या धुतलेल्या बाटलीत भरायचं, बाटलीला जखमेवर लावतात ती चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर नाव लिहायचं. इंग्रजी नाव मला वाचता येत नाही आणि तिला मराठीही वाचता येत नव्हतं. म्हणून नावं आमची. ती सांगायची, मी लिहायचो. रविवारी संध्याकाळी, उजेड असताना, दोन बाटल्या काढायच्या, चहाच्या दोन ग्लासांत बोटबोटभर घ्यायची आणि एकीला दुसरीशेजारी लावून बघायची. एकटी व्हिस्की काही सांगत नाही. दुसरी शेजारी आली की दोघी बोलायला लागतात. तांब्यात बोट बुडवून दोन थेंब पाणी सोडलं की वास आणखी उघडतो, हे तिनेच शोधलं. पुण्याचे एक दाढीवाले पाहुणे दरवर्षी येतात, त्यांना ह्यातलं बरंच कळतं. ते म्हणाले, "काकी, हे शिकायला लोक परदेशात जातात." ती म्हणाली, "माका न्हाणीघरात जावचा आसा, पाणी तापला."

त्या दाढीवाल्यांनी आम्हाला कोणती कुठली ते सांगितलं. 'मांगर' स्कॉटलंडच्या बेटांवरची. तिथे झाडं कमी, म्हणून दलदलीतली माती कापून, वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर जव सुकवतात. तो धूर मरेपर्यंत त्यात राहतो. मला पहिल्यांदा ती अजिबात आवडली नव्हती. वर्षभराने तिच्याशिवाय करमेना.

दुसरी 'सोलं'. तीही तिकडचीच, पण धूर नाही. ती स्पेनच्या गोड दारूच्या पिंपात ठेवलेली. बायकोने हुंगून सांगितलं, उन्हात वाळत घातलेली सोलं आणि वर गूळ. मी म्हटलं, लाकडाने आधीच्या भाडेकरूचं सामान ठेवून घेतलंय.

तिसरी अमेरिकेची. ती मक्याची असते आणि तिला दरवेळी नवीन पिंप लागतं, तेही आतून जाळून काढलेलं. माझ्या मते नवीन लाकूड ओरडतं. होडीलाही नवीन फळी घातली की पहिल्या पावसात सगळा रंग ओकते. ती व्हिस्की तशी आहे, आल्या आल्या सगळं सांगून टाकते. बायकोला मात्र ती फार आवडायची. तिचं नाव 'खापरोळी', कारण खापरोळ्या बुडवतो त्या नारळाच्या गोड रसाचा वास तिला यायचा. लाकूड जाळून नारळाचा वास कसा येतो ते मला अजून कळलेलं नाही, पण येतो.

चौथी आयर्लंडची. तीन तीनदा उकळून गाळलेली, म्हणून मऊ. "ही पेज," बायको म्हणाली, "आजाऱ्याक देवची." तेच नाव पडलं. मला पेज आवडते, सकाळचीही आणि ही पण. त्यावरून आमचं भांडण दर रविवारी व्हायचं.

पाचवी आपल्या गोव्याकडची, 'साटं'. उन्हात ताटलीत थापलेल्या फणसाच्या साटांचा वास. आपल्याकडे उकाडा, पिंपही घाम गाळतं, म्हणून ती लवकर पिकते. तिकडच्या बारा वर्षांचं काम इथे पाच-सहा वर्षांत होतं म्हणतात. लाकूड मात्र घाईत असतं, ते कळतं. सहावी कुठल्याही दुकानात मिळते ती स्वस्त देशी. त्यात बराचसा उसाच्या मळीचा मद्यार्क असतो. बायकोने वास घेतला आणि म्हणाली, "काकवी. पत्र्याच्या डब्यातली." नाव 'डबो'. तिच्यात लाकूड शोधायला गेलो तर मला एक ढलपीसुद्धा सापडली नाही.

आता सातवी.

बायकोच्या पोटाचं दुखणं निघालं आणि तिला दवाखान्यात ठेवलं, त्याच आठवड्यात दाढीवाले आले. त्यांनी जपानची एक बाटली आणली होती. म्हणाले, "ही काकींसाठी. नाव काय देतात बघू." मी त्यातली थोडी औषधाच्या बाटलीत भरली, कोरी पट्टी लावली आणि दवाखान्यात घेऊन गेलो. नर्सला वाटलं औषध आहे. बायकोने बूच काढून वास घेतला आणि बाटली परत दिली.

"हंय सगळ्याक फिनेलचो वास मारता. घराक गेल्यार सांगतंय."

ती घरी आली नाही.

मी रडून सांगणाऱ्यातला नाही. माणूस मरतं. पण कोरी पट्टी लावलेली ती बाटली कपाटात सहाजणींच्या रांगेत उभी राहिली आणि माझं सगळं अडलं. मी ती बऱ्याचदा काढून हुंगली. मला लाकूडच यायचं, आणि तेही ओळखीचं नाही. चंदनासारखं काहीतरी, पण चंदन नव्हे. चाळीस वर्षं लाकडात घालवून लाकूड ओळखता येईना आणि बाकीचं सांगणारी नाही. 'मांगर' काढली, 'पेज' काढली, तर नुसती दारू प्यायल्यासारखं झालं. बापासारखं. मी रविवार बंद केले. सातवीला नाव पडेल तेव्हा बाकीच्या उघडायच्या, नाहीतर सातही माडाला घालायच्या, असं मनाशी धरून बसलो. हट्टच तो.

पहिल्या वर्षी म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, घालत नाहीत. ह्या भाद्रपदात घातला. नवरा हयात असताना गेलेल्या बाईचा म्हाळ पितृपक्षातल्या नवमीला येतो, आणि त्या दिवशी तिच्या नावाने एका सवाष्णीला बोलावून जेवू घालतात. ती सवाष्ण त्या दिवशी गेलेल्या बाईच्या जागी बसते. गेलेलीला जे आवडायचं ते तिच्या पानावर वाढतात. आम्ही बायकोच्या धाकट्या बहिणीला बोलावलं. तिचं सासर फोंडाघाटच्या बाजूला, काजूची बाग. दोन एसट्या बदलून, पिशवीभर काजूगर घेऊन ती साडेदहाला दारात हजर.

भटजी आपलं काम करून पुढच्या घरी गेले. मुलगा कावळ्याचं पान ठेवायला परसात गेला. सुनेने केळीचं पान मांडलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, भोपळ्याची भाजी, खीर, भात. मेव्हणी पाटावर बसली. मी कपाटातनं सातवी काढली, चहाच्या ग्लासात बोटभर ओतली आणि ग्लास पानाच्या उजव्या अंगाला ठेवला.

सून उभीच राहिली. "बाबानू, ह्यां काय? सवाष्णीच्या पानाकडे दारू?"

"पिवूक नाय, हुंगूक. तुझ्या सासूक आवडायचा."

"लोकां काय म्हणतली?"

"मी लोकांका खंय बोलवलंय? गावच्या राखणदार देवाक वर्साची बाटली लागता. तो घटाघटा पिता तां चलता, आणि माझ्या बायलेन वास घेतलेलो चलना नाय?"

मेव्हणी पदर सावरून म्हणाली, "भावजी, तुमी म्हातारे झालास, शाने काय झालास नाय. ताईक ही सवय लावलास, आता माका लावतास?"

"तिनंच माका लावली."

"होय तर! ढकला सगळा तिच्यार. ती काय आता उत्तर देवक येतली?"

मेव्हणीला आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण तिने ग्लास उचलला आणि नाकाशी धरला. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो. दीड वर्षं मी ह्याच्यासाठी थांबलो होतो. एका आईच्या पोटच्या दोघी, एकाच मांगरात वाढलेल्या.

"दारूचो," ती म्हणाली.

"नीट बघ गो."

"नीटच बघलंय. दारूक दारूचो वास नाय तर काय अत्तराचो येतलो?"

सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी कपाळाला हात लावला. बायकोचं नाक बायकोबरोबरच गेलं होतं. मेव्हणीने ग्लास बाजूला ठेवला आणि वड्यांना हात घातला. पाच वडे खाल्ले. सांबारात मीठ कमी आहे हेही सांगितलं, आणि ते होतं. मी मनात ठरवून टाकलं, संध्याकाळी सातही बाटल्या माडाला.

सुनेने शेवटचा ऊन भात वाढला तेव्हा मेव्हणी म्हणाली, "आणा बघू तो ग्लास."

"आता कित्याक?"

"आणा म्हणतंय मां."

ह्या खेपेला तिने डोळे मिटले. बराच वेळ ग्लास धरून राहिली.

"लाकडाचो वास येता."

"कसल्या लाकडाचो?"

"तां माका विचारतास? सुतार कोण, तुमी काय मी? ताई माका फोनार सांगी, लाकूड ते सांगतत, बाकीचा मी. आज लाकूड मी सांगलंय. बाकीचा तुमी सांगा."

आणि तिने ग्लास माझ्यासमोर धरला.

मला हे येत नाही, असं मी सांगणार होतो. पण ती पाटावर बसली होती, बायकोच्या जागी, आणि उष्टा हात तसाच ठेवून वाट बघत होती. मी पानाशेजारी मांडी घातली. वास घेतला. लाकूड आलं. ते बाजूला सारलं. परत घेतला. आणि आला की दुसरा वास! हिरवा, थोडा भाजल्यासारखा, गोडसर.

"केळीचा पान," मी म्हटलं. "वर ऊन भात पडलेला."

मेव्हणीने पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"भावजी, तो ह्या पानाचो वास! माझ्या म्होरचो! बाटलेचो न्हय!"

"बाटलेचोच."

"नाक धुवून येवा जावा."

"तू दारूचो म्हणा होतंस मगाशी, तू माका शिकवतंस?"

"बाबानू, तिका जेवूक तरी देवा," सून म्हणाली. पण मेव्हणीचा भात निवत होता आणि तिला त्याचं काही नव्हतं. तो पार गार होईपर्यंत आम्ही भांडलो. अगदी 'पेजे'वरून भांडायचो तसे. मुलगा परसातनं आला आणि दारातच थांबून म्हणाला, कावळा कधीच शिवून गेला, तुमचं काय चाललंय?

मी पेन आणलं आणि कोऱ्या पट्टीवर लिहिलं, केळीचं पान.

दुसऱ्या दिवशी पडवीच्या टोकाला, जिथे पान नाही की भात नाही, तिथे जाऊन परत हुंगलं. केळीचा वास नव्हता. मेव्हणीचं खरं होतं. पट्टी मी बदलली नाही. पुढच्या रविवारी 'केळीचं पान' आणि 'पेज' शेजारी शेजारी मांडल्या. पेज शेजारी आल्यावर त्या अनोळखी लाकडाने तोंड उघडलं. देवळातल्या जुन्या खांबाला नाक लावल्यासारखं. बरं वाटलं. दोन्ही ग्लास सावकाश संपवले आणि जेवायला गेलो.

मेव्हणीचा फोन येतो.

"पट्टी बदललास?"

"नाय."

"बदला."

"तू येवन बदल."

दिवाळीत येते म्हणाली. तिच्यासाठी 'डबो' बाजूला काढून ठेवलाय. त्याचा वास घेऊन ती दारूचोच म्हणणार, आणि तेव्हा मी भांडणार नाही.