मिना सिस्टरचा खांदा

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिना राठोड सिस्टर टिकून होती ती अंगातल्या जोरावर. स्ट्रेचर ढकलायला माणूस नाही, पेशंट उचलायला माणूस नाही, मग उचला सिस्टरनेच. पोरगी जवळा बाजारकडच्या तांड्यातली. लहानपणी उखळात मुसळ घालताना आई भिकाबाई ओरडायची, "हातानं न्हाई, कंबरेनं मार." पेशंट उचलून उचलून तीच कंबर आता कामातून गेली होती. डॉक्टरांनी पट्टा दिला, वजन उचलू नका म्हणाले. म्हणायला त्यांचं काय जातंय! पट्टा ती गणवेशाच्या आत लपवून बांधायची. ज्या सिस्टरला पेशंट उचलता येत नाही तिला कोण विचारतं, ही भीती तिला आतून खायची. सकाळी ड्रेसिंग रूमचं दार लोटून ती कंबरेचे व्यायाम करायची, तेव्हा सोबतची शितल सिस्टर हसायची, "मिनाताई, बैलाला कुनी कसरत शिकवतं का?"

एका दुपारी पुसेगावकडचा एक म्हातारा छातीत कळ येते म्हणून भरती झाला. त्याचा मुलगा मुंजाजी चहा आणायला गेला आणि इकडे म्हाताऱ्याचं हृदय बंद पडलं. डॉक्टर बाळंतपणात अडकलेले. शितल ऑक्सिजन आणायला धावली. मिना गुडघे टेकून खाटेवर चढली आणि दोन्ही हात सरळ ठेवून छाती दाबू लागली. बंद हृदय असंच बाहेरून चालवावं लागतं, आणि त्याला मुसळ घालण्याइतका जोर लागतो. कट्ट करून बरगडी मोडली. ती मोडतेच. तरी थांबायचं नसतं.

मुंजाजी दारात आला तो नेमका त्या आवाजाला. एक बाई बापाच्या खाटेवर चढून बापाला कुटतेय, एवढंच त्याला दिसलं.

"माझ्या बापाला मारून राहिली ही!"

त्याने सलाइनचा लोखंडी स्टँड उचलून तिच्या पाठीत घातला. पहिला दणका पट्ट्यावर बसला, दुसरा उजव्या खांद्यावर. हाड फुटलेलं मिनाला आतून कळलं. ऑक्सिजन घेऊन परतलेली शितल आडवी आली, तर त्याने तिला भिंतीवर आपटलं. तिच्या ओठातून रक्ताची धार लागली. वॉर्ड माणसांनी भरलेला होता, पण पुढे कुणी आलं नाही. एक महाभाग तर मोबाइलवर शूटिंग करत होता.

मिनाने छातीवरून हात उचलले असते तर म्हातारा मेला असता.

"मार, पन मला हलवू नको," ती दात खाऊन म्हणाली आणि फुटक्या खांद्यानिशी कंबरेनं दाबत राहिली. तिसरा दणका मानेजवळ बसला. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात म्हाताऱ्याने घुर्र करून श्वास ओढला, आणि मगच ती फरशीवर कोसळली. आता कुठे बघ्यांना चेव आला. त्यांनी मुंजाजीला लाथांनी असा तुडवला की त्याचा पुढचा दात पडला. बैल गेला अन् झोपा केला.

खांद्यात सळई घालून मिना काही महिन्यांनी कामावर आली. केस कोर्टात होती, मुंजाजी जामिनावर. म्हातारा तापाने पुन्हा त्याच वॉर्डात आला, तेव्हा मुंजाजीने तिचे पाय धरले.

"ताई, मला मारा. माझ्या जिवाला तकलीफ होऊन राहिली."

मिनाला दया आली नाही. संताप आला. बाजूलाच स्टँड होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला, याच्या टाळक्यात घालायचाच म्हणून उचलला, आणि छातीपर्यंत येऊन उजवा हात अडकला. कितीही जोर लावला तरी वर जाईना. मुंजाजी डोळे मिटून वाट पाहत बसला होता. तिने स्टँड खाली ठेवला.

म्हाताऱ्याची सलाइन संपत आली होती. तिने नवी बाटली घेतली. उजवा हात चढेना, डाव्याने टांगावी तर कंबर ताणू देईना.

"ऊठ," ती म्हणाली. "बाटली टांग. मला आता जमत न्हाई."

मुंजाजीने उठून बाटली टांगली.