अकरावं प्लास्टर

धम्मपाल ओव्हाळ निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी घातलेली अकरा प्लास्टरं अजून लोकांच्या हातापायांवर होती. शाल-श्रीफळ झालं, मोठे डॉक्टर दोन शब्द बोलले, सगळ्यांनी सामोसे खाल्ले, आणि ओव्हाळकाका मात्र मनातल्या मनात तारखा मोजत उभे. प्लास्टर घालणारा निवृत्त होतो, प्लास्टर होत नाही. ते आपल्या तारखेलाच उतरतं.

ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी चौतीस वर्षं हेच केलं. लागले वॉर्डबॉय म्हणून. प्लास्टर खोलीतल्या तानाजी मास्तरांनी "ह्याचे हात शांत आहेत" म्हणत त्यांना मागून घेतलं. तेव्हा तयार पट्ट्या नव्हत्या. सकाळी आल्या आल्या जाळीच्या कापडावर पांढरी पूड चोळायची, गुंडाळ्या करून पत्र्याच्या डब्यात भरायच्या. दुपारपर्यंत भुवया पांढऱ्या. ठाकुर्लीला घरी पोचले की बायको, नीला, दारातच अडवायची. "आधी आंघोळ, मग चहा. मी माणसाशी लग्न केलंय, पिठाच्या गिरणीशी नाही."

ती जुनी इमारत पाडली. नव्या खोलीत एसी आहे, रंगीत फायबरच्या पट्ट्या आहेत, भुवई पांढरी होत नाही. सोय झाली, नाही कोण म्हणतं? पण ओलं प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, आणि ती ऊब तळहाताला लागली की हाड जागेवर बसलं अशी काकांची खात्री पटायची. त्या उबेची त्यांना फार आठवण येई.

आणि दहीहंडीची! तो दिवस दिवाळीचा की शिमग्याचा, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. टेंभी नाक्यावर थर लागायचे आणि तासाभरात निम्मा थर यांच्या बाकावर.

"कितव्या थरावर होतास रे?"

"सहाव्या, काका."

"मग उतरलास कसा?"

"सगळ्यांच्या आधी."

हसता हसता पोराचा हात सरळ होऊन जायचा.

प्लास्टर वाळलं की काका जाड निळ्या पेन्सिलीने त्यावर ते काढायची तारीख लिहीत. लिहिली म्हणजे लिहिली. त्या दिवशी माणूस आला नाही, तर पुढच्या रविवारी काका कात्री पिशवीत टाकून त्याच्या घरी हजर. सरकारी कात्रीला धार नसायची म्हणून ही त्यांनी स्वतःची घेतलेली. कळवा, मुंब्रा, डोंबिवलीच्या चाळी, सगळीकडे ते असे फिरले. मेट्रन चिडायच्या. "ओव्हाळ, हे तुमचं काम नाही." काका मान डोलवायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा निघायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

निवृत्तीनंतर रोज सकाळी ते त्यांच्या जागी आलेल्या समृद्धीला फोन करत. दहा प्लास्टरं तारखेला उतरली. अकरावं उतरेना. हौसाबाई पाटील, वय एकाहत्तर, मुक्काम टिटवाळा, उजवं मनगट. तारीख उलटून तीन आठवडे झाले आणि फोन बंद.

"काका, येतील त्या," समृद्धी म्हणाली.

"अगं, म्हातारं मनगट आहे. जास्त दिवस जखडलं तर बोटं आखडतील. भाकरीचा तुकडा मोडता यायचा नाही तिला."

नीलाने पिशवीत कात्री जाताना पाहिली. "निवृत्त झालात ना?"

"हे एकच राहिलंय."

"तीस वर्षं हेच ऐकतेय मी," ती म्हणाली आणि पाण्याची बाटली भरून दिली.

टिटवाळ्यात नव्या इमारतींचं रान माजलंय. दवाखान्याच्या वहीतला पत्ता विचारत विचारत काका चौथ्या मजल्यावर पोचले. दार सुनेने उघडलं. योगिनी तिचं नाव. काकांना पाहून तिचा चेहरा उतरला.

"तारीख... पुढच्या महिन्यात आहे ना?" ती चाचरत म्हणाली.

"तारीख मी लिहिली होती, ताई. तीन आठवडे झाले."

ती चहा टाकायला आत गेली.

हौसाबाई खिडकीशी बसल्या होत्या. केस चापूनचोपून विंचरलेले, तेल लावलेलं, वेणीत अबोलीचा गजरा. काकांनी मुद्दाम घातलेलं जुन्या पद्धतीचं पांढरं प्लास्टर मळलेलं, आणि निळ्या तारखेवर हळदीचा ओलसर बोळा फिरवून ती पुसलेली. काकांनी बोटं हलवायला सांगितली. बोटं जेमतेम हलली. त्यांनी कात्री काढली, तशी म्हातारीने हात पदराखाली घेतला.

"नको कापू, भाऊ."

"दुखायचं नाही, मावशी."

"दुखायचा भ्याव नाय मना." तिने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सात वरसा झाली सून येऊन. एका घरात राहून आमी बोलत नव्हतो. हात मोडला नि ती माजी वेनी घालाया लागली. घास भरवते. काल पायाला तेल लावलान. ह्यो उतरला का मी बरी झाली. मंग कोन वेनी घालनार मना?"

काकांनी कात्री मांडीवर ठेवली. चौतीस वर्षांत प्लास्टर लवकर काढा म्हणून रडणारे शेकड्यांनी पाहिलेले. ठेवा म्हणून हात लपवणारी ही पहिलीच. काकांना रागच आला. सात वर्षं दोन बायका एकाच ओट्यावर स्वयंपाक करतात आणि बोलायला हाड मोडावं लागतं!

"मावशी, हात वाळून जाईल," ते म्हणाले. "मग सून वेणी घालेल, पण कीव म्हणून. चालेल?"

हौसाबाईंनी पदराखालून हात पुढे केला.

काकांनी प्लास्टर भिजवलं, सावकाश कापलं. आतून हात निघाला तो बारीक, फिका, सालपटं निघालेला. योगिनी चहा घेऊन आली आणि तिथंच थांबली.

"नीट ऐका," काका तिला म्हणाले, अगदी दवाखान्यातल्या आवाजात. "रोज सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी. त्यात हात बुडवून एकेक बोट हलवायचं. ह्यांना एकटीला जमायचं नाही. समोर बसून हात धरायला माणूस लागेल. अर्धा अर्धा तास. दोन-तीन महिने तरी. आणि दवाखान्यात दाखवून एक्स-रे फोटो काढून घ्या." यात खोटं काही नव्हतं. फक्त अर्धा तास त्यांनी दहा मिनिटांच्या जागी सांगितला.

योगिनी त्यांना सोडायला गेटपर्यंत आली. रिक्षाला हात करता करता मध्येच थांबली.

"काका, केसपेपर मीच लपवलेला."

काका वळले.

"तारीख पण मीच पुसली. फोन मीच बंद केलेला. त्यांना माहीत नाही." तिचे डोळे भरून आले. "त्या कधी बोलायच्याच नाहीत हो माझ्याशी. आमचं विळ्याभोपळ्याचं. पण वेणी घालताना पाठ माझ्याकडे असते ना, मग बोलतात. माहेरचं, मिठागरावरचं, गेलेल्या पोरीचं. ती पोर जगली असती तर माझ्याएवढी असती म्हणाल्या. प्लास्टर निघालं की पुन्हा गप्प होतील, असं वाटलं मला. हात खराब होईल हे नाही सुचलं. चुकलं माझं."

वर चौथ्या मजल्यावर हौसाबाई खिडकीत येऊन उभ्या राहिल्या होत्या. सून एवढा वेळ काय बोलतेय ते बघत.

"एक विचारू?" योगिनीने डोळे पुसले. "तो हात धरायचा म्हणालात ना तुम्ही. हात बरा झाल्यावर पण धरला, तर चालतं का?"

"चालतं," काका म्हणाले. "जा, पाणी ठेव. आजपासूनच सुरू करायचंय."