उत्तर नाही आलं तर रस्ता मोकळा

आमच्या घराकडे वळायच्या आधी कोपऱ्यावर हे एक छोटा हॉर्न द्यायचे. एकच. म्हणजे मी चहाचं आधण ठेवायचं. ह्यांची सहा सीटची रिक्षा होती, रेवदंड्यापासून मुरुडपर्यंत तिला कोण ओळखत नव्हतं! आता हे नाहीत, रिक्षाही नाही. पण अजून कुठल्याही गाडीने त्या कोपऱ्यावर हॉर्न दिला की माझा हात आपोआप भांड्याकडे जातो.  उकळलेला चहा सूनबाई पिऊन टाकते बिचारी.

रिक्षा चालवण्यात ह्यांना घाई म्हणून माहीत नव्हती. आमचा किनाऱ्याचा रस्ता तुम्ही पाहिला असेल, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि वळण असं की पुढचं काही दिसत नाही. प्रत्येक वळणाआधी हे रिक्षा हळू करायचे, लांब हॉर्न द्यायचे आणि कान देऊन ऐकायचे. मागे बसलेल्या बायका वैतागायच्या, "चला, झालं का ह्यांचं इचारून?" हे म्हणायचे, "हॉर्न म्हंजे शिवी न्हाय गो, हाक हाय. पलीकडच्याला इचारायचं, येऊ का? उत्तर आलं तर थांबायचं. उत्तर नाही आलं तर रस्ता मोकळा."

मुरुडच्या अलीकडे तसंच एक वळण आहे. तिथे एका फिरायला आलेल्या कुटुंबाची गाडी गटारात उतरली होती. आत लहान मुलं रडत होती. ह्यांनी रिक्षा बाजूला लावली, खांद्यावरचा लाल रुमाल हातात घेतला आणि वळणावर उभे राहून दोन्हीकडच्या गाड्या थांबवायला लागले. वरच्या अंगाने एक गाडी आली. हॉर्न न देता आली.

पुढचं मला लिहवत नाही.

दहाव्याला जीवखडा, ह्यांचा जीव मानलेला तो दगड, पाण्यात सोडला, सगळं रीतसर झालं. मला वाटलं, गेला माणूस, सुटला. तर वर्ष झालं नसेल, आमची कोळीण पाटी उतरवून दारात बसली आणि म्हणाली, "वयनी, तुमचं मालक लय जागृत हायेत हां."

"म्हणजे काय गं?"

"तुमाला ठावं न्हाय? वलनावर दगड हाय त्यांचा. शेंदूर लावलाय. समदे गाडीवाले तितं हॉर्न देतात, नारल फोडतात. आमचा टेंपो परवा घसरता घसरता वाचला. मालकांनीच धरला."

मी म्हटलं, "अगं, जिवंत होते तेव्हा तुझी बोंबलाची पाटी रिक्षात घ्यायला नाही म्हणायचे. आता टेंपो धरायला लागले होय?"

"मेल्यावर मानूस सुदारतो, वयनी," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. ती गेल्यावर मात्र मी दारातच बसून राहिले. जीवखडा तर मी माझ्या डोळ्यांनी पाण्यात जाताना पाहिला होता. मग त्या वळणावर दगडात कोण बसलंय? रस्त्यात गेलेला माणूस रस्त्यातच राहतो, कुणी आणायला गेलं नाही तर तिथेच उभा राहतो, असं आमच्याकडे म्हणतात. पावसात, उन्हात, हातात रुमाल घेऊन. घराची इतकी ओढ असलेला माणूस!

मुलाला हे बोललेलं खपायचं नाही. "आई, लोकांनी बाबांचं भूत करून ठेवलंय," म्हणायचा आणि उठून जायचा. त्या वळणावरून त्याने गाडी कधी नेलीच नाही. सूनबाईचं माहेर दिवेआगरचं. दर खेपेला आम्ही रोह्यावरून भला मोठा वळसा घालून जायचो. का, ते गाडीत कुणी बोलायचं नाही.

ह्या वर्षी सूनबाईच्या भावाने सगळ्यांना बोलावलं. वादळात त्यांची वाडी आडवी झाली होती, नव्याने लावलेल्या पोफळी आता धरल्या आहेत, राहायच्या खोल्याही नीट केल्या आहेत. नातीने हट्ट धरला, मुरुडवरून आगरदांड्यालाच जायचं, गाडीत बसून बोटीत चढायचं. वर्गातली सगळी मुलं चढून आलीत म्हणे. मुलगा नाही नाही म्हणत होता. मीच म्हटलं, "जाऊ या रे त्या रस्त्याने. माझं काम आहे."

काम काय ते मी फक्त सूनबाईला सांगितलं. तो दगड उचलायचा आणि घरी आणायचा. देवाच्या कोनाड्याखाली जागाही करून ठेवली होती. ह्यांचा लाल रुमाल, दुसरा, पेटीतला, धुऊन पिशवीत घातला. सूनबाई म्हणाली, "आई, ह्यांना न सांगता?" मी म्हटलं, "त्याला सांगितलं तर तो गाडीच काढणार नाही."

सकाळी निघालो. नातीला मागे पट्टा लावून बसवलं, मी पुढे. काशीदपर्यंत सगळे बोलत होते, मग बोलणं आटत गेलं. वळण जवळ आलं तशी मी मांडीवरची पिशवी सावरून धरली. मुलाने गाडी हळू केली. मी वाट बघत होते. तो काही हॉर्न देईना.

"हॉर्न दे रे."

"नाही देणार. बाबा भूत नाहीत."

"अरे, बाबांसाठी नको, पण..."

तेवढ्यात पलीकडून हॉर्न आला. लांब, थांबत थांबत वाजवलेला. मुलाने करकचून ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे डोंगराला चिकटवली. वळणावरून बर्फाचा टेंपो आला, रस्त्याच्या मधोमध. आमच्या आरशापासून हातभर अंतरावरून गेला. ड्रायव्हरचं आमच्याकडे लक्षसुद्धा नव्हतं. त्याचा एक हात कपाळाला लागला होता, नजर दगडाकडे. आम्ही आहोत हे त्याला ठाऊकच नव्हतं. हॉर्न त्याने आम्हाला नाही, ह्यांना दिला होता.

 नात म्हणाली, "आजी, माझा पट्टा टोचला." तेव्हा कुठे सूनबाई रडायला लागली.

मुलाने पुढे रुंद जागा बघून गाडी लावली. आम्ही दोघं कडेकडेने चालत मागे आलो. दगड एवढासा. मला वाटलं होतं, मोठा असेल. शेंदराचे थर, नारळाच्या करवंट्या, मागच्या झाडाला लाल कापडाच्या चिंध्या बांधलेल्या. रुमालासारख्या. ह्यांचा रुमाल कुणी पाहिला होता की नुसताच योगायोग, देव जाणे.

मी खाली बसले. पिशवीतून रुमाल काढला. मुलगा बघत राहिला, काय चाललंय ते त्याला कळलं असावं. दगड सैल होता, उचलला तर लगेच हातात आला. उन्हाने तापलेला होता. माणसाचा हात असतो तसा कोमट. मी रुमालात गुंडाळला, उराशी धरला आणि उठणार, तर खालच्या अंगाने हॉर्न. मोटरसायकल होती, नवरा, बायको, मध्ये मूल. वर अजून एक गाडी होती, तिने उत्तर दिलं. दोघं आपापल्या बाजूने थांबत, हळूहळू एकमेकांना चुकवून गेले.

येऊ का? ये. येऊ का? थांब जरा.

ह्यांचंच बोलणं की ते! सगळा रस्ता ह्यांच्यासारखा बोलत होता.

दगड मी घरी नेला, तर इथे हाक कोण देणार? दगड नाही, शेंदूर नाही, तर कोण कशाला हळू होईल? पुन्हा कुणीतरी हॉर्न न देता येईल, आणि अशीच कुणाची तरी पोर मागे पट्टा लावून बसलेली असेल.

पण मग ह्यांनी असंच उभं राहायचं का? कायमचं?

 शेवटी मुलगा शेजारी टेकला. म्हणाला, "आई, ठेव." त्याचा आवाज अगदी ह्यांच्यासारखा झाला होता. मी दगड होता तिथे ठेवला. रुमाल झाडाला बांधायला गेले, हात पोचेना, मुलाने बांधला. ह्यांना मी मनात म्हटलं, तुम्हाला न्यायला आले होते हो. आले नाही असं म्हणू नका.

पुढे आगरदांड्याला जंगलजेट्टीवर, गाड्या नेणाऱ्या त्या बोटीवर, गाडी चढली, नात टाळ्या वाजवत होती, दिवेआगरला पोफळी पाहिल्या, जेवणं झाली. मला कशाचीच चव नव्हती.

परत येताना मुलाने तोच रस्ता धरला, कुणी न सांगता. वळण आलं. त्याने गाडी हळू केली, लांब हॉर्न दिला, इंजिन नुसतं चालू ठेवून काच खाली केली. समुद्राचा आवाज येत होता. पलीकडून उत्तर आलं नाही.

उत्तर नाही आलं तर रस्ता मोकळा. त्याला ते माहीत होतं, मलाही होतं. तरी त्याने गाडी पुढे घेतली नाही. मान थोडी कलती करून तो ऐकत राहिला, आणि शेजारी मीसुद्धा.