एवेलिओच्या वाटणीचं मीठ

हिबारा या बंदरगावात खाऱ्या वाऱ्यामुळे भिंतींचा रंग टिकत नाही. एनेइदाच्या घरातली सात सप्टेंबरची संध्याकाळ मात्र तिच्या लग्नापासून टिकून होती. दुसऱ्या दिवशी कारिदाद मातेचा सण. आदल्या संध्याकाळी देवीपुढे सूर्यफुलं, मेणबत्ती, आणि मागच्या अंगणात गोतावळ्यासाठी मलांग्याची गरम भजी. मलांगा म्हणजे आपल्या अळकुडीची थोरली बहीण. किसताना हाताला तशीच खाज आणते, आणि तळून ताटात आली की ती खाज विसरायला लावते.

यंदा तिचा नवरा एवेलिओ नव्हता. मार्चमध्ये गेला. आठवडाभर आधीच त्याची थोरली बहीण सोराइदा येऊन बसली.

"यंदा माझ्याकडे करू. तू नुसती येऊन बस."

"वन्सं, देवी माझ्या घरात आहे."

"देवीला काय, उचलून नेऊ. तुझी कंबर कोण उचलणार?"

एनेइदा म्हणाली, "यंदा करून बघते. नाही जमलं, तर पुढच्या वर्षापासून तुमच्याकडे. देवीही तुम्हीच न्या."

बोलून गेली, आता शब्द मागे घेता येणार नव्हता.

एवेलिओ बंदरावर जाळी दुरुस्त करायचा. बोटं दोरखंडासारखी जाड. पण या संध्याकाळी तो लवकर यायचा आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा. पहिलं भजं त्याचं. या तळव्यावरून त्या तळव्यावर उडवत फुंकर घालायचा, डोळे मिटून चावायचा आणि निकाल द्यायचा, "म्हातारे, मीठ कमी आहे." लग्नाच्या पहिल्याच वर्षी, विशीतल्या बायकोला म्हातारे! तेव्हा मीठ खरंच कमी पडलं होतं. त्याने स्वतःच्या हाताने चिमूट टाकली, आणि ती चिमूट पुढे दरवर्षीची झाली.

"समुद्राचं पाणी पिऊन वाढलास तू. तुला काय पुरणार?" ती म्हणायची.

तेलाचा थेंब मिळत नव्हता त्या वाईट वर्षांत तिने मलांगा नुसताच उकडला होता. तेव्हाही दारात उभा राहून तो म्हणाला, "मीठ कमी आहे." दोघं पोट धरून हसली होती.

सात तारखेला दुपारी तिने मलांगा किसला, लसूण खलबत्त्यात ठेचला, अंडी फोडली, हाताच्या अंदाजाने मीठ घातलं. हिरव्या केळ्याचे जाड काप एकदा तळून, गरम असतानाच बाटलीच्या बुडाने दाबून दुसऱ्या तळणीसाठी ठेवले. संध्याकाळी पहिलं भजं निघालं तेव्हा तिने सवयीने दाराकडे पाहिलं. मग ते बशीत घालून देवीपुढे ठेवलं. "आई, एवढं त्याला पोचव."

अंगणात माणसं जमली होती. वीजही होती, तेवढी देवीची कृपा. ताटं फिरली.

"छान झालीत हं!"

"नेहमीसारखीच!"

जरा घाईनेच म्हणाले सगळे. सोराइदाने एक भजं खाल्लं आणि हात पुसले. एका भज्यावर थांबणारी बाई नव्हे ती. गेली देवी आपल्या घरातून, एनेइदाला वाटलं.

एवेलिओचा डॉमिनोतला जोडीदार निवाल्दो कधीचा एकच घास चघळत होता. त्याने स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडे पाहिलं.

"वहिनी, रागावू नका. पण मीठ कमी आहे."

"निवाल्दो! जीभ आवर," सोराइदा ओरडली.

एनेइदाने एक भजं तोंडात टाकलं. अळणी. तेच भांडं, तोच हात, मग असं कसं झालं? आणि मग तिला उमगलं. इतकी वर्षं तिचा हात एक चिमूट मागे ठेवत आला होता. त्याला म्हणता यावं म्हणून.

ती हसायला लागली, आणि हसता हसताच तिने पदर नसलेल्या झग्याची बाही डोळ्यांना लावली.

"मग बसून काय बोलता? उठा, घाला!"

निवाल्दो लगबगीने आत गेला. "किती घालू?"

"त्याची बोटं जाड होती. तुमच्या दोन चिमटी घाला."

दुसरा घाणा ताटात पडायच्या आत संपला. सोराइदाने किती खाल्ली ते कुणी मोजलं नाही. निघताना ती देवीपुढे थांबली, सूर्यफूल सरळ केलं.

"हिला इथेच राहू दे," ती म्हणाली. "माझ्याकडे वारा फार आहे, मेणबत्ती विझेल."

"वन्सं, पुढच्या वर्षी केळी तुमची."

"आणि मीठ?"

"मीठ निवाल्दोचं," एनेइदा म्हणाली.