भावाचं तारण

माझ्या भावाला कोणी बुडवलं असं आमच्या मुर्री गावात विचाराल, तर लोक माझ्या घराकडे बोट दाखवतील. दाखवू द्या. मी घरी बसून एका परदेशी क्रिप्टो प्रोटोकॉलची जोखीम सांभाळते. बँकेसारखंच काम, पण ना मॅनेजर ना खिडकी, सगळा कारभार कोडचा. आपली नाणी तारण ठेवायची, कर्ज उचलायचं. भाव पडून तारण कमी पडलं की कोड कोणाला विचारत बसत नाही, नाणी विकून मोकळा होतो. किती तारणावर किती कर्ज, ही मर्यादा ठरवणाऱ्यांत मी एक.

धाकटा भाऊ सौंदड गावी राहतो. त्यानं आपली नाणी तिथंच गहाण टाकली आणि आलेल्या पैशातून धान कापायच्या जुन्या हार्वेस्टरचा बयाणा दिला. बाकीचे पैसे कापणीआधी त्याच नाण्यांवर उचलणार होता. मशीन दारात आली की आसपासच्या गावांची कापणी त्याचीच.

तेवढ्यात नाण्यांचे भाव घसरायला लागले. बुडीत कर्ज भरून काढायला प्रोटोकॉलची स्वतःची गंगाजळी असते, ती आधीच आटलेली. मर्यादा घट्ट करणं भाग होतं, म्हणजे तेवढ्याच कर्जाला जास्त तारण. आमचे आजोबा गावच्या तलावाचं पाणी सोडायचे. तळाचं पाणी ढोरांसाठी राखलेलं, स्वतःचं धान वाळलं तरी त्यांनी ते सोडलं नाही. मी त्यांचीच नात.

तसा प्रस्ताव साऱ्या जगासमोर जाहीर झाला, तेव्हाच मी भावाला फोन केला. म्हटलं, थोडं कर्ज आजच फेडून टाक.

"कायले भिऊन राहिली ताई? तू हायेस ना आत."

तहसीलमध्ये आपलाच साळा कारकून असल्यासारखा बोलला बाप्पा. आत कोणीच नसते, हे सांगितलं तर हसला.

मी मर्यादा घट्ट करायच्या बाजूनं मत दिलं. ती लागू झाली, भाव आणखी पडला, आणि कोडनं त्याची सगळी नाणी मिळेल त्या भावात फुंकली, वर दंड कापला. प्रोटोकॉल वाचला. इंटरनेटवरच्या परक्या लोकांनी माझी पाठ थोपटली. इकडे हार्वेस्टर दुसऱ्यानं नेला आणि बयाणाही गेला.

भाऊ घरी आला. आई माझ्याकडेच राहायची, ती बाजूला बसली होती. त्यानं चहाला हात लावला नाही.

"माही नाणी जातील, मालूम होतं तुले?"

"हो."

"तरी मत देल्लं?"

"हो. फोनही केला होता."

"त्या कोडवर कोणाचा भरोसा होता? तुह्यावर होता. म्हणून तिथं ठेवलो."

"म्हणूनच बुडाला," मी म्हणाले. राग आला होता मला त्याचा. आणि बोलले ते खरंच होतं.

तो उठला. आईही उठली, लुगडी पिशवीत भरली आणि त्याच्यासंग सौंदडला राहायला निघाली. मी तिला अडवलं, काऊन चालली म्हणून विचारलं.

"मत नाही देल्लं म्हणाचं होतं," आई म्हणाली. "भावासाठी एक खोटं नाही बोलता आलं तुले?"