स्वराला बाया आल्याच नव्हत्या

"कांजिण्या नाहीत ह्या," स्वराच्या तोंडात टॉर्च मारत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हँड, फूट अँड माउथ डिसीज आहे."

सासूने माझ्याकडे पाहिलं, मी सासूकडे. तीन-चार दिवस आम्ही कांजिण्या समजून घरात बाया पाळत होतो आणि बाया आल्याच नव्हत्या.

नावातच सगळं आहे: हात, पाय आणि तोंड. विषाणूमुळे लहान मुलांना होणारा आजार. आधी ताप येतो, मग तळहातांवर आणि तळपायांवर फोड उठतात आणि तोंडात आतून जखमा होतात. कांजिण्यांचे फोड जास्त करून छाती, पोट, पाठीवर येतात. हा फरक मला तेव्हा कोणी सांगितला असता तर माझ्या पोरीचे हाल वाचले असते. म्हणून हे लिहितेय. मे महिन्याच्या सुट्टीत पोरं एका बाटलीला तोंड लावून पाणी पितात, तेव्हा हे दुखणं कोणाच्याही घरात येऊ शकतं.

आम्ही गोराईचे कोळी. नवरा बोटीवर असतो, मी खाडीपलीकडे बोरीवलीच्या बाजारात मासळी विकते. सासूने जन्मभर हाच धंदा केला. तिला आम्ही सगळे आय म्हणतो. स्वरा आमची एकुलती एक, तेव्हा पहिलीत जाणार होती. सुट्टीला नणंदेची मुलं आली होती. त्यातल्या धाकट्याला ताप होता, पण पोर दिवसभर उड्या मारतंय म्हटल्यावर कोणी मनावर घेतलं नाही. ती मुलं घरी गेली आणि स्वराला ताप भरला. मी तापाचं औषध दिलं, ताप उतरला. मग तिच्या हातावर फोड दिसले.

आयने एकदाच बघितलं आणि हात जोडले. "बाया आल्या गो!"

आमच्याकडे कांजिण्या, गोवर यांना आजार म्हणत नाहीत. बाया म्हणजे देवी पाहुणी आली असं मानतात आणि पाहुणीचा मान ठेवतात. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. फोडणी बंद, औषध बंद, पोरीला उंबऱ्याबाहेर काढणं बंद. म्हावरं तर घरात येणारच नाही. माझा धंदाही बंद, कारण माझ्या अंगाला मासळीचा वास असतो आणि बायांना तो खपत नाही म्हणे. कोळणीच्या घरात येऊन मासळीचा वास न खपणारी ही कसली पाहुणी, असं मी मनातल्या मनात म्हटलं. पण आयसमोर बोलायची टाप नव्हती. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. एकुलती एक पोर, उगाच देवीशी वाकडं कोण घेणार?

बायांना थंड लागतं. आमच्या घरात काही नसलं तरी लिंबं असतातच, कारण बाजारातून आल्यावर कोळीण आधी हाताला लिंबू चोळते. आयने प्रेमाने लिंबाचं सरबत केलं, मीठ-साखर घालून, आणि वाटी स्वराच्या ओठाला लावली.

पोर अशी किंचाळली की शेजारीण धावत आली.

त्यानंतर तिने काहीच तोंडाला लावलं नाही. पेज नाही, दूध नाही, साधं पाणीही नाही. आयला वाटलं देवी कोपली. तिने नारळ बोलला. मला मात्र वेगळंच दिसत होतं. सकाळपासून स्वरा लघवीला गेली नव्हती. ओठ सुकले होते, रडताना डोळ्यांतून पाणीही येत नव्हतं. मी तिला उचललं आणि म्हटलं, "आय, बायांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. मी चालले."

आय पुटपुटत मागोमाग आली आणि आमच्या आधी होडीत जाऊन बसली.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्याला कुलूप. मे महिना, डॉक्टर गावी. मग रिक्षा करून मुलांच्या हॉस्पिटलात आलो. तिथे त्या डॉक्टरीणबाई भेटल्या.

मी सरबताचं सांगितलं. आयचं तोंड एवढंसं झालं. बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "आजी, थंड द्यायचं हे तुमचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "फक्त आंबट नको. आत सगळी जखम आहे, त्यावर लिंबू पडलं."

मग मला म्हणाल्या, "हिला डिहायड्रेशन व्हायला लागलंय." म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं. "दुखणं कमी व्हायला औषध देते. अर्ध्या तासाने ओआरएस घोट घोट पाजा. प्यायली आणि लघवी झाली तर घरी जा. नाहीतर ॲडमिट करून सलाइन लावू."

समोरच्या बाकावर एक बाळ हाताला सुई आणि पट्टी लावून बसलं होतं. स्वरा एकटक त्याच्याकडे बघत होती. मी ओआरएसचा चमचा पुढे केला की ती ओठ घट्ट मिटायची. सरबताने विश्वासच उडाला होता तिचा. तिने माझा हात धरून गालाला लावला आणि लगेच सोडला.

"मम्मी, तुझे हात गार का नाहीत?"

रोज बर्फात असलेले हात ते. बाजारातून आले की हीच पोर ओरडायची, "ईऽऽ, वास येतो, हात नको लावू!" आणि मी आधी लिंबू घेऊन मोरीत पळायचे. आता धंदा बंद, म्हणून हात साधे, कोमट. मला रडूच आलं.

आय उठली आणि न सांगता बाहेर गेली. परत आली ती मलई कुल्फीची कांडी घेऊन. आधी डॉक्टरीणबाईंना दाखवली. त्यांनी मान हलवल्यावर स्वरासमोर बसून स्वतः चाटली. "बघ, आंबट नाय. आजीची शपथ."

स्वराने जिभेचं टोक लावलं. थांबली. पुन्हा लावलं.

कुल्फी संपली. मग गार पाणी, मग ओआरएस. संध्याकाळ व्हायच्या आत आय तिला घेऊन बाथरूममध्ये गेली आणि आतूनच ओरडली, "मुतली गो बाय, मुतली!" सगळी वेटिंग रूम हसली. एवढी आनंदाची बातमी मी त्या वर्षात दुसरी ऐकली नव्हती.

सलाइन टळलं. आठवड्यात पोर खेळायला लागली. पुढे तिच्या बोटांची नखं सुटायला लागली तेव्हा मी पुन्हा धावले, पण या आजारात असं होऊ शकतं, नवीन येतात, असं बाईंनी समजावलं. तुमच्या मुलाने पिणं सोडलं, लघवी कमी झाली, ते मलूल पडलं, तर थांबू नका. डहाळे लावायचे तर लावा, पण डॉक्टरांकडे जा. आयने बोललेला नारळ वाहिलाच. मीही हात जोडले.

मी धंद्याला परत गेले त्या दिवशी घरी आल्यावर सवयीने मोरीत जाऊन लिंबू हातात घेतलं, तर स्वरा मागे उभी. तिने माझा ओला हात ओढला आणि गालावर ठेवला.

"वास येईल गं," मी म्हटलं.

"येऊ दे. गार आहे."

लिंबू तसंच मोरीच्या कठड्यावर राहिलं.