गोणपाट ओलं ठेवा

कथबर्ट गेल्याचं मला लतीफभाईंनी सांगितलं. सकाळचे साडेसात वाजले होते, मस्कतच्या अझैब्यातल्या आमच्या गोदामाचं शटर अर्धंच वर केलेलं, आणि मी आत उभी राहून सलालाला जाणाऱ्या एका घराच्या सामानाची यादी तपासत होते. लतीफभाई आमचे मुकादम, मूळचे दापोलीकडचे. कामाच्या वेळी उगाच थांबून बोलणारा माणूस नाही. त्या दिवशी मात्र टेपची गुंडाळी हातात घेऊन समोर उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, उस्ताद गेले. पहाटे, हॉस्पिटलात." मी यादीवरचं बोट न उचलता विचारलं, "कोण म्हणालं?" "त्यांच्या कंपनीचा ड्रायव्हर." मग आम्ही दोघांनीही एकाच वेळी गोदामाच्या मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे साडेचार फूट उंचीची एक लाकडी पेटी होती, सील केलेली. त्या पेटीत काय आहे आणि त्याचं काय झालंय, हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. ज्याची ती पेटी, त्याला माहीत नव्हतं. आज सहा आठवडे झाले. मला लिहिण्याची सवय नाही, पॅकिंगचा आणि शिपिंगचा व्यवसाय करणारी बाई मी. पण हे कुठेतरी नोंदवून ठेवायला हवं.

कथबर्ट ग्रेनाडाचा, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या एका लहानशा बेटावरचा. जनरेटर दुरुस्त करणं ही त्याची नोकरी आणि उरलेल्या वेळात लाकडात माणसं कोरणं. कोरायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं. चाळिशीत लंडनला नोकरी करत असताना पाऊस चुकवायला म्हणून तो एका संग्रहालयात शिरला आणि आफ्रिकेतल्या लाकडी मुखवट्यांसमोर जाऊन उभा राहिला. "काचेच्या मागे माझ्या मावशीचं कपाळ ठेवलं होतं," असं तो सांगायचा. दुसऱ्या दिवशी त्याने एक छिन्नी विकत घेतली. पुढे नोकरीने त्याला ओमानला आणलं, आणि इथे तो रमला, कारण इथे त्याला त्याच्यासारखे दिसणारे लोक अरबी बोलताना भेटले. पूर्वी झांझिबारहून परत आलेल्या ओमानी घराण्यांमधली माणसं, घरात अजून स्वाहिली बोलणारी. सुट्टीच्या दिवशी तो रुस्ताकपर्यंत गाडी घेऊन जायचा, बाजारात नुसता कॉफी पीत बसायचा आणि चेहरे पाहायचा.

आमची ओळख भांडणातून झाली. त्याच्या घराचं अंगण आणि आमच्या गोदामाची मागची भिंत एकच. एका शुक्रवारी मी एकटी कागदपत्रं उरकायला आले होते आणि भिंतीपलीकडून ठक-ठक, ठक-ठक. तासभर ऐकून घेतलं आणि मग तरातरा वळसा घालून त्याच्या दारात गेले. बनियन घातलेला, पांढऱ्या दाढीचा एक उंच माणूस आमच्याच टाकून दिलेल्या पेटीच्या फळ्या एकमेकींना चिकटवून त्यातून एक डोकं कोरत होता.

"हे आमचं लाकूड आहे," मी म्हणाले.

"तुमच्या कचऱ्यातलं आहे, नेबर. ह्यात एक म्हातारा बसला होता आणि त्याच्या तोंडावर तुम्ही 'ही बाजू वर' असं छापलं होतं."

मला हसू आलं नाही, पण मी आवाजाबद्दल बोलायचं विसरले. त्यानंतर चांगल्या फळ्या आम्ही त्याच्यासाठी बाजूला ठेवू लागलो. तो मला शेवटपर्यंत 'नेबर' म्हणाला आणि लतीफभाईंना 'कॅप्टन'. ह्या दोघांची भाषा म्हणजे इंग्रजी, हिंदी आणि 'यल्ला' म्हणजे चला, 'खलास' म्हणजे झालं, एवढी अरबी, ह्यांची खिचडी. तरी तासन्‌तास पटाशीच्या धारेवर बोलत बसायचे. पाडव्याला मी त्याला श्रीखंडाची वाटी पाठवली, तर ती रिकामी घेऊन स्वतः आला आणि म्हणाला, "ह्यात जायफळ आहे. माझ्या आईच्या हातांना हा वास यायचा." त्याच्या बेटावर जायफळाच्या बागा आहेत आणि आई जायफळं निवडायच्या शेडमध्ये कामाला होती, हे मला तेव्हा कळलं. मग दर पाडव्याला मी श्रीखंडात जायफळ जरा जास्तच घालत गेले. मुलं तक्रार करायची.

एकदा तो माझ्या टेबलाशी बसला होता, आणि समोर पॅकिंग लिस्ट पडली होती. आमच्याकडे कुठलीही वस्तू बांधण्याआधी यादीत तिचा नंबर, वर्णन आणि 'कंडिशन' लिहायची पद्धत आहे. आधीपासून ओरखडा असेल तर ओरखडा, टवका असेल तर टवका. म्हणजे नंतर तो आमच्या माथी येत नाही. कथबर्टने तो रकाना बोटाने खालपर्यंत वाचला. "आमच्या लोकांच्याही याद्या केल्या होत्या," तो म्हणाला. "आफ्रिकेहून जहाजात भरताना. नंबर, वर्णन, कंडिशन. नाव तेवढं नव्हतं." मी त्याला चहा हवा का विचारलं. माझ्या हस्ताक्षरातली ती यादी मात्र मी तो असेपर्यंत उलटी करून ठेवली.

दोन वर्षांपूर्वी रुस्ताकमधल्या त्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने अंगणातला आंबा तोडला आणि त्याचा बुंधा कथबर्टला दिला. त्या घरात आजीला स्वाहिलीत 'बीबी' म्हणत. घरातली बीबी नव्वदीची, दारात बसून असायची, आणि तिने कथबर्टला पाहून विचारलं होतं, तू आमच्यातल्या कोणाचा? त्या बुंध्यातून त्याने जी बाई कोरली, ती त्याच्या घराण्यातली जहाजातून उतरलेली पहिली बाई. जिचं नाव कोणालाच माहीत नाही. त्याने तिला 'बीबी' नाव दिलं. ती उभी आहे, एक हात छातीशी, हनुवटी वर. उगाच दुःखी वगैरे केलेली नाही. कोणीतरी हाक मारली आणि वळून पाहते आहे, अशी. तिला ग्रेनाडाला पाठवायचं, आईच्या जुन्या घरासमोर जायफळाच्या झाडाखाली उभं करायचं, एवढा एकच त्याचा हट्ट होता. तिथे त्याची मोठी बहीण मर्ल राहते, ऐंशीच्या पुढची. "मर्लच्या डोळ्यांसमोर ती पोचली पाहिजे," तो म्हणायचा. "आणि यादीत 'लाकडी पुतळा, एक नग' असं लिहू नकोस. ह्या वेळी नाव लिही."

ह्याच वर्षी मेच्या शेवटी त्याने बीबीला आमच्या गोदामात आणलं. त्याला पाच आठवडे दुकमकडे साइटवर जायचं होतं. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली ती त्याने आणि लतीफभाईंनी मिळून उभी केली. मला म्हणाला, "आंब्याचं लाकूड आहे, आतून अजून कच्चं आहे. सावकाश सुकायला हवं. रोज सकाळी गोणपाट ओलं ठेवा. पेटी ऑक्टोबरात, उन्हाळा उतरल्यावर." मी 'हो' म्हणाले. जाताना त्याने गोणपाटावरूनच तिच्या डोक्यावर हात ठेवला. घरातून निघताना तो रोज असाच हात ठेवायचा, आपण बाहेर पडताना देवाला ठेवतो तसा.

जून हा आमचा सगळ्यात घाईचा महिना. शाळा संपतात आणि मदिनत सुलतान काबूससारख्या परदेशी लोकांच्या वस्तीतली घरंच्या घरं देश सोडून निघतात. गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मधोमध एक ओलं गोणपाट, खाली पाण्याचं थारोळं, शेजारी लोकांचे सोफे. तिसऱ्या आठवड्यात मी लतीफभाईंना म्हणाले, "हिला पेटीत घाला आणि मागे लावा."

"ताई, उस्तादांनी गोणपाट ठेवायला सांगितलंय."

"ओल्या मालाला बुरशी येते. पंचवीस वर्षं हेच काम करतेय मी. गोणपाट काढा, पुसून कोरडी करा आणि सिलिकाच्या पुड्या टाका. नेहमीच्या दुप्पट."

"आंबा आहे, ताई. तडकेल."

"लतीफभाई, यल्ला."

सिलिकाच्या पुड्या म्हणजे बुटांच्या खोक्यात सापडतात तसल्या, हवेतला ओलावा शोषून घेणाऱ्या. आमच्याकडच्या तळहाताएवढ्या असतात. माझा धंदाच ओलाव्याशी भांडण्याचा. कागद, कपडे, पियानो, सगळ्यांसाठी ओलं ते वाईट, एवढं एकच शास्त्र मला येतं आणि ते मी कधी चुकवलेलं नाही. कथबर्ट परत आला तेव्हा मी त्याला सांगितलं की जागा नव्हती म्हणून आधीच पॅक केली. तो म्हणाला, "तुला तुझं काम कळतं." हे वाक्य तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं.

सप्टेंबरमध्ये फ्युमिगेशनसाठी, म्हणजे लाकडाला कीड लागू नये म्हणून धुरी द्यायला, पेटी उघडली. कपाळाच्या मधोमध सुरू झालेली भेग नाकाच्या बाजूने वरच्या ओठापर्यंत आली होती. माझी करंगळी आत जाईल एवढी. लतीफभाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकून पुड्या गोळा करू लागले. 'मी म्हटलं नव्हतं का' असं ते आजपर्यंत एकदाही म्हणालेले नाहीत. मी काम पुढे ढकललं आणि पेटी पुन्हा बंद करायला सांगितली. आज संध्याकाळी त्याला सांगते, असं ठरवलं होतं. त्याच आठवड्यात त्याला हृदयविकाराचा झटका आला.

हॉस्पिटलात मी चार वेळा गेले. चारही वेळा त्याने पहिलं हेच विचारलं, "बीबी निघाली?" मी म्हणाले, पुढच्या बोटीने. नंतर म्हणाले, कागदपत्रं अडकली आहेत. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "मग मी इथून सुटलो की एकदा उघडशील? मला तिच्या डोक्यावर हात ठेवायचाय." मी म्हणाले, "सील झालीये, कथबर्ट. आता उघडता येत नाही." सील माझंच होतं. दोन मिनिटांत तोडून पुन्हा लावता आलं असतं. आजारी माणसाला धक्का नको, असं मी स्वतःला समजावलं होतं. खरं म्हणजे 'तुला तुझं काम कळतं' म्हणणाऱ्या माणसासमोर मला तोंड उघडता आलं नाही. चौथ्या भेटीत मी निघताना म्हणाला, "यादीत नाव लिहिलंस ना?" मी 'हो' म्हणाले. तेही लिहिलेलं नव्हतं. 'वुडन स्टॅच्यू, एक नग, कंडिशन: गुड' असं होतं यादीत.

तो गेल्यावर त्याचं घर आवरायचं काम अर्थातच आमच्याकडे आलं. मी माणसं पाठवली नाहीत, लतीफभाईंना घेऊन स्वतः गेले. अंगणात त्याची डोकी रांगेने ठेवलेली होती, वर्षानुवर्षं पाहिलेली. मी त्यांना बांधायला उचलू लागले आणि पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. प्रत्येकावर कुठे ना कुठे गडद लाकडाची एक रेघ होती. गालावर, मानेवर, एकाच्या तर डोळ्यावरून गेलेली. मला ती नक्षी वाटायची. लतीफभाईंनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पाचर मारलीये, ताई. लाकूड तडकलं तिथे."

कामाच्या बाकाखाली बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते, खिळ्यांचे, मेणाचे. एकावर खडूने 'बीबी' लिहिलं होतं. आत जुन्या बोटीच्या काळपट सागवानातून तासलेल्या सात-आठ पाचरी, लांब-आखूड, जाड-बारीक, कापडात नीट गुंडाळलेल्या. म्हणजे त्याने गोणपाट ओलं ठेवायला सांगितलं होतं, आणि तरीही ती तडकणार हे धरून चालला होता. भेग पडली म्हणून तो रडला नसता, भांडलाही नसता. शटरमधून आत येऊन म्हणाला असता, "कुठे गेलीये बघू," आणि डबा उघडून कामाला लागला असता. कॅप्टनने दिवा धरला असता. एका दुपारचं काम... ऑगस्टमध्ये मी पेटी एकदा उघडून पाहिली असती, तर ती दुपार त्याला मिळाली असती. मी त्याच्यापासून भेग लपवली असं मला वाटत होतं. मी त्याचं काम लपवलं होतं.

मर्लला मी फोन केला. सगळं सांगितलं, गोणपाटापासून. शेवटी तिने एकच विचारलं, "त्याला ठाऊक होतं?"

"नाही," मी म्हणाले.

ती म्हणाली, "पाठव. डबाही पाठव. इथे सुतार आहेत."

लतीफभाई म्हणाले होते, मी बसवतो पाचर, हात चांगला आहे माझा. मी नको म्हणाले. माझ्या गोदामात पडलेली भेग माझ्याच गोदामात बुजवून पाठवणं मला जमलं नसतं. बोट पुढच्या आठवड्यात आहे. परवा मी जुनी यादी फाडली आणि नवी केली. वर्णनाच्या रकान्यात लिहिलं, 'बीबी'. कंडिशनमध्ये लिहिलं, 'कपाळापासून वरच्या ओठापर्यंत भेग. आमच्या ताब्यात असताना, आमच्या चुकीने पडलेली.' असं वाक्य ह्या रकान्यात मी आजवर कधी लिहिलेलं नाही. खाली सही केली. दोन नंबरची नोंद: 'पाचरी, एक डबा, कंडिशन: गुड.'

सील मी तोडलंय, पेटी अजून उघडीच आहे. रोज सकाळी शटर वर केलं की बादली घेऊन मी मागे जाते आणि बीबीभोवती पुन्हा गुंडाळलेलं गोणपाट भिजवते. लतीफभाई काल म्हणाले, "ताई, आता त्याचा काही उपयोग नाही. जे व्हायचं ते झालंय." मला माहीत आहे. तरी मी बादलीत तांब्या बुडवते आणि डोक्यावरून सावकाश ओतते, पाणी भेगेत शिरणार नाही अशा बेताने. मग हात ठेवते, आणि कामाला लागते.